धुराची वेळ

लहान मुलांच्या डर्ट बाइकचा धूर मोठ्या मोटारसायकलच्या धुरापेक्षा जास्त अस्वस्थ करतो, कारण तो आपल्याच मुलाच्या पाठीमागून निघत असतो आणि आपण त्यामागे धावत असतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये डेन्व्हरच्या दक्षिणेला, एका ओळखीच्या कुटुंबाच्या मोकळ्या रानात, आमच्या सात वर्षांच्या लेकीने पहिल्यांदा कोणाच्याही आधाराविना गिअर टाकला, शंभरेक फूट गाडी नेली, थांबवली, आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहण्याऐवजी मान वळवून सायलेन्सरकडे पाहत विचारले, "बाबा, ही जळतेय का?" तिने कापलेल्या शंभर फुटांवर निळसर राखाडी धुराचा एक पट्टा कमरेच्या उंचीवर तरंगत होता आणि तो विरायला तयार नव्हता.

गाडी सेकंडहँड होती. ४९ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन, हाताला क्लच नाही, पायाला तीन गिअर, बसायची उंची दोन फुटांच्याही आत. या इंजिनाचा सिलिंडर उभा नसून पुढच्या चाकाकडे तोंड करून जवळजवळ आडवा झोपलेला असतो. ही आडवी ठेवण १९५८ च्या होंडा सुपर कबपासून चालत आली आहे आणि पुढे अनेक कंपन्यांनी ती उचलली. आपल्याकडे हिरो होंडाची 'स्ट्रीट' ज्यांनी चालवली असेल त्यांना ती चटकन डोळ्यांसमोर येईल. पिस्टनचा व्यास ३९ मिलिमीटर, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासाच्या बुडाएवढा, आणि ऑइल बदलताना आत जाणारे ऑइल अवघे ६०० मिली. हे सारे आकडे मला नंतर पाठ झाले. विकत घेताना मी फक्त गाडीचा लाल रंग आणि लेकीचा चेहरा पाहिला होता. विकणाऱ्याने एका किकमध्ये गाडी सुरू करून दाखवली तेव्हा धुराचा मागमूस नव्हता. मात्र इंजिनाला हात लावून पाहण्याचे मला सुचले नाही. ते गरम असणार, याबद्दल आता मला शंका नाही. जुनी गाडी पाहायला जाणाऱ्याने आधी इंजिनावर तळहात ठेवावा, हे तासगावातल्या कोणत्याही मेस्त्रीने मला फुकट सांगितले असते.

तासगाव आठवण्याचे कारण म्हणजे अण्णा, माझे वडील, मे महिन्यात सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. दूध संस्थेच्या नोकरीत त्यांनी चौदा वर्षे लूना चालवली आणि त्यामुळे धुराविषयीची त्यांची समज आमच्या पिढीच्या नेमकी उलटी आहे. टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, तेच इंजिनाच्या आत फिरून बेअरिंगला आणि पिस्टनला वंगण देते आणि शेवटी जळून बाहेर पडते. म्हणून टू-स्ट्रोकच्या मागे धूर दिसणे हे घरात चूल पेटलेली असल्याचे लक्षण होते. अण्णांच्या काळी भीती धुराची नव्हती, धूर न येण्याची होती. पंपावरच्या पोऱ्याने टू-टी, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचे ऑइल, टाकायचे विसरले आणि लूना एकाएकी स्वच्छ पळू लागली, की पुढच्या काही मैलांत पिस्टन जाम होणार हे ठरलेले. फोर-स्ट्रोकमध्ये मात्र ऑइलने खाली क्रँककेसमध्येच, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतच, राहायचे असते आणि वर पेट्रोल जळते तिथे पाऊल ठेवायचे नसते. अण्णांनी पहिल्या दिवशी गाडीमागे उभे राहून दोनदा नाक ओढले आणि विचारले, "यात टू-टी घालतोस का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग ही ऑइल पितीय." निदानाचा अर्धा भाग इथेच झाला होता. उरलेल्या अर्ध्याला मला जुलै उजाडला.

या विषयावर जे काही वाचायला मिळते त्यात एक तक्ता हमखास असतो: निळा धूर म्हणजे ऑइल, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे पाणी. तक्ता खोटा नाही, पण धुराचा रंग ही दिसते तितकी भरवशाची साक्ष नव्हे. ऑइलचा धूर निळा दिसतो तो ऑइल निळे असते म्हणून नव्हे, तर त्यातले अतिसूक्ष्म थेंब प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात म्हणून. म्हणजे मागे पाइनच्या झाडांची काळोखी असेल तर तोच धूर निळा दिसतो, आणि त्याच धुराकडे उजळ आभाळाच्या दिशेने पाहिले तर तो पिवळट, मातकट वाटतो. थेंब मोठे असतील तर तो सरळ पांढराच दिसतो. मी आणि माझी पत्नी एका सकाळी एकाच धुराकडे पाहत होतो. ती उतारावर उभी होती, मी चढावर, आणि ती पांढरा म्हणत होती, मी निळा. दोघेही खरे बोलत होतो. अण्णांनी आमचा वाद ऐकला आणि किराणा दुकानाच्या जाहिरातीचा एक गुळगुळीत नसलेला कागद सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून ठेवला. मिनिटभराने त्यावर मोहरीएवढे पारदर्शक डाग उमटले होते, भज्यांच्या कागदावर उमटतात तसे, आणि त्यांच्याभोवती काजळीची बारीक धूळ होती. म्हणजे दुखणी दोन होती, आणि दोन्ही एकाच नळीतून बाहेर येत होती.

पांढऱ्याचा निकाल लवकर लागला. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडते, हे कळल्यापासून मला थंड सकाळच्या वाफेचे भय उरले नाही. कोलोरॅडोत एप्रिलच्या सकाळी प्रत्येक गाडी ती सोडते आणि ती दोन हातांवर विरून जाते. आमचे इंजिन हवेवर थंड होणारे असल्याने त्यात कूलंट शिरण्याचा प्रश्नच नव्हता. हे सगळे प्रयोग अंगणात करायचे, गॅरेजचे दार उघडे असले तरी आत नाही, एवढा दंडक मात्र मी पाळला. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो.

काळ्याचे उत्तर नकाशात होते. विकणारे कुटुंब ह्यूस्टनहून, म्हणजे जवळपास समुद्रसपाटीवरून, इकडे राहायला आले होते आणि गाडीही सोबत आणली होती. डेन्व्हर १,६०० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८३ टक्के भरतो. कार्बोरेटरला मात्र आपण घर बदलले हे कळत नाही. त्याचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, पूर्वीच्याच हिशेबाने पेट्रोल सोडत राहतो, हवा कमी पडते, पेट्रोल अर्धवट जळते आणि काजळी धरते. प्लग काढला तेव्हा त्याच्या टोकावर कोरडी, मखमलीसारखी काळी पूड होती, बोटाने पुसली की निघणारी. ऑइलची काळी वेगळी असते: ती ओली, चकचकीत असते आणि बोटाला चिकटते. निरोगी प्लगचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा असावा. मी मेन जेट एका मापाने बारीक घातला, एअर फिल्टरचा फोम धुतला, आणि सायलेन्सरच्या शेवटी ठिणग्या अडवणारी जी जाळी असते ती काढून झटकली. तिच्यातून चमचाभर काजळी पडली. वणव्याच्या भीतीने इथल्या जंगलांत ही जाळी सक्तीची आहे, आणि ती तुंबली तर गाडी आणखीनच गुदमरते. पुढच्या आठवड्यात प्लगचे टोक तपकिरीकडे झुकले, कागदावरची काजळी गेली. पारदर्शक डाग तेवढे राहिले.

इथे थोडे थांबून टू-स्ट्रोकविषयी सांगायला हवे, कारण पाइक नॅशनल फॉरेस्टमधल्या रॅम्पार्ट रेंजच्या पायवाटांवर आम्ही जाऊ लागलो तेव्हा आजूबाजूच्या निम्म्या मुलांकडे त्याच गाड्या होत्या आणि अण्णा त्यांच्या धुरात हरखून उभे राहत. यामाहाची पीडब्ल्यू-५० ही १९८१ पासूनची बाळगाडी ऑइल वेगळ्या टाकीतून स्वतःच घेते. शर्यतीच्या ५० सीसी गाड्यांना ते बापाने मापून मिसळावे लागते. अण्णांचा हिशेब स्कूटरवाल्यांचा, लिटरला २० मिली, म्हणजे पन्नासास एक. तिथला एक बाप साठास एक मिसळत होता हे कळल्यावर त्यांनी त्याच्याकडे कंजुषाकडे पाहावे तसे पाहिले. पण या छोट्या टू-स्ट्रोकचे खरे दुखणे प्रमाणात क्वचितच असते. मूल घाबरून एक्सलरेटर पाव वळणापुढे नेत नाही, शिवाय आपणच तो पुरता वळू नये म्हणून स्क्रू आवळून ठेवलेला असतो. परिणामी इंजिन कधी पुरेसे तापत नाही, न जळलेले ऑइल सायलेन्सरमध्ये साचते, आणि ज्या दिवशी मूल धीर करून एक्सलरेटर पिळते त्या दिवशी मागे ढग उठतो. ते भित्रेपणाचे साचलेले ऑइल असते आणि दोन चढ जोरात चढले की संपते. काळजी करावी ती ढग उठतच राहिला, गिअर ऑइलची पातळी कुठेही गळती नसताना उतरू लागली, आणि वास बदलला तर. मग क्रँकचे क्लचच्या बाजूचे सील गेलेले असते आणि इंजिन गिअरचे ऑइल ओढून जाळत असते. दुसऱ्या बाजूचे सील गेले तर धूर येत नाही, फक्त जास्तीची हवा शिरते आणि इंजिन फाजील तापून बसते. पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीत पांढऱ्या धुराला गोडसर वास आला तर हेड गॅस्केट पाहावे.

आमच्या फोर-स्ट्रोकच्या निळ्या धुराला मात्र असा कोणताच सोपा आसरा नव्हता. ऑइल वर चढण्याच्या वाटा मोजक्या असतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या तर ते खालून येते, आणि इंजिनावर ओझे पडेल तेव्हा, चढावर, सतत धूर निघतो. व्हॉल्व्हची सीले कडक झाली तर ते वरून पाझरते. रात्रभर थेंब थेंब उतरून सकाळच्या पहिल्या किकला एक फुसकारा सोडते, किंवा लांब उतारावर एक्सलरेटर बंद असताना आतली निर्वात पोकळी ते ओढून घेते आणि तळाशी पोचून पुन्हा पिळले की फुसकारा निघतो. म्हणजे विचारायचे ते 'धूर कोणत्या रंगाचा' हे नाही, 'धूर केव्हा' हे. हे मला वाचून माहीत होते. तरीही मी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचे यंत्र, आणले, कारण मला आकडा हवा होता.

आकडा आला १२० पीएसआय (दाबाचे एकक). समुद्रसपाटीच्या हिशेबाने तो इतका कमी वाटला की त्याच रात्री मी पिस्टन रिंगांचा संच मागवून टाकला. तो आजही गॅरेजच्या खणात, पाकीट न फोडता पडला आहे. दुसऱ्या दिवशी दात घासताना लक्षात आले, की जो ८३ टक्क्यांचा हिशेब मी कार्बोरेटरला लावला तोच गेजला लावायचा विसरलो: समुद्रकाठी १५० पीएसआय दाखवणारे धडधाकट इंजिन इथे १२५ च्या आसपासच दाखवणार. प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजण्याची रीत आहे. दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर व्हॉल्व्हचा. तीही मी केली. पण आडव्या सिलिंडरमध्ये ते ऑइल रिंगांभोवती सारखे पसरत नाही, खालच्या भिंतीवर थारोळे करून बसते, आणि त्यामुळे माझ्या हाती आलेल्या उत्तरावरून काहीही सिद्ध होत नव्हते. उलट त्या चमचाभर ऑइलने गाडीने असा काही धूर काढला की शेजारच्या आजीबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

शेवटी वही केली. तारीख, सुरू करण्याची वेळ, धूर केव्हा सुरू झाला, किती वेळ टिकला. तीन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्या आणि त्यांचा मेळ कशाशीच बसेना. रिंगा गेल्या असत्या तर धूर रोज यायला हवा होता; सीले गेली असती तर रोज सकाळी. प्रत्यक्षात गुरुवारी काहीच नाही, शनिवारी सकाळी स्वच्छ, दुपारी खाण्यानंतर तीन मिनिटे दाट धूर, मग चढावर पुन्हा थोडा, मग संध्याकाळपर्यंत स्वच्छ. गरम इंजिन, अर्ध्या तासाची विश्रांती, आणि त्यानंतर धूर. झीज अशी अधूनमधून सुट्टी घेत नाही.

वही अण्णांनी वाचली आणि ती मला परत न देता नातीला जवळ बोलावले. त्यांनी तिला धुराबद्दल काहीच विचारले नाही. "जेवायला येताना गाडी कुठं ठेवतीस गं?" एवढेच विचारले. ती आधी गप्प बसली. मग आजोबांच्या कानात काही तरी सांगितले, आणि अण्णांनी ते मोठ्याने पुन्हा सांगितले नाही, नुसते मला म्हणाले, "स्टँड काढून बघ जरा, हातानं." मी पाहिले. साइड स्टँडची स्प्रिंग नवी, ताठ होती. माझ्या बुटाला तिचे काही वाटत नव्हते, पण २३ किलोच्या मुलीला एका पायाने ती खाली ढकलणे जमण्यासारखे नव्हते, आणि जमलेच तरी भुसभुशीत मातीत स्टँड रुतून गाडी कलंडत होती. म्हणून ती सावलीतल्या उतारावर गवतात गाडी आडवी निजवून जेवायला येत होती आणि कोणी पाहण्याआधी जाऊन उचलून ठेवत होती. स्टँड लावता येत नाही हे कळले तर गाडी 'मोठी झाल्यावर' मिळेल, असे तिचे गणित होते. ते चुकीचे होते असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

गाडी आडवी पडली की ऑइल क्रँककेसच्या श्वासनळीतून, म्हणजे ब्रीदरमधून, एअर फिल्टरच्या डब्याकडे (एअरबॉक्सकडे) वाहते आणि पुढच्या किकला हवेसोबत आत ओढले जाते. मी ब्रीदरची नळी एअरबॉक्सकडून उपसली. तिच्या तोंडाशी मधासारखा एक थेंब लोंबत होता, आणि दोन आठवड्यांपूर्वी धुतलेल्या फोमचा खालचा तिसरा हिस्सा ऑइलने काळा झाला होता. चढावर पुन्हा दिसणारा धूर तिथून ठिबकत होता. तरीही मला एक गोष्ट पटेना. मुलांच्या गाड्या दिवसातून दहा वेळा पडतात आणि उठल्यावर सगळ्याच काही तीन-तीन मिनिटे ढग काढत नाहीत.

स्वयंपाकघरातला मापाचा जग पत्नीची नजर चुकवून आणला (तो परत गेला नाही) आणि गाडीतले सगळे ऑइल त्यात काढले. ६०० मिलीची अपेक्षा होती. जगात ७४० भरले, आणि नळीत व फोममध्ये गेलेले वेगळेच. जास्तीचे ऑइल मीच घातले होते. या इंजिनाची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची काडी, उजव्या बाजूला असते आणि साइड स्टँड डाव्या. गाडी स्टँडवर कलती ठेवून पाहिले की ऑइल डावीकडे जाते आणि काडी जवळजवळ कोरडी निघते. गाडी धूर काढते म्हणजे ऑइल पीत असणार, या विचाराने मी दर शनिवारी काळजीपूर्वक काडी पाहत होतो आणि दर शनिवारी काळजीपूर्वक थोडे ओतत होतो. खरी रीत अशी: इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे थांबावे, गाडी सपाट जागेवर सरळ उभी धरावी, काडी पुसून आत सोडावी, आटे न फिरवता नुसती टेकवावी, आणि मग पाहावे. हे सगळे पुस्तिकेत छापलेले होते. पुस्तिका पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होती.

फोम पुन्हा धुतला, नळी पुसली, ६०० मिली मोजून घातले. स्टँडची जागा दुधाच्या रिकाम्या क्रेटने घेतली. इंजिनाखाली तो सरकवला की गाडी दोन्ही चाके उचलून उभी राहते, मात्र ती वर चढवायला अजून मी लागतो. दुपारनंतरचा धूर गेला. पहाटेच्या पहिल्या किकला एक बारीक निळा फुसकारा अजून कधीकधी येतो, तीन-चार सेकंदांचा, आणि तो बहुधा व्हॉल्व्ह सीलांचाच आहे; हिवाळ्यात हेड उघडेन तेव्हा ती बदलेन, तोवर दर दोन शनिवारी ऑइल पाहिले की पुरे. अण्णा ऑक्टोबरात परत गेले, जाताना वही घेऊन गेले.

ऑइल पाहण्याचे काम आता एकट्याने होत नाही. लेक पुढे उभी राहून दोन्ही मुठींनी हँडल धरते, गाडी जराही कलू नये म्हणून पाय फाकवून, श्वास रोखून, आणि मी गुडघ्यांवर बसून काडी पुसतो, टेकवतो, बाहेर काढतो, उजेडाकडे धरतो. दोन खुणांच्या मधोमध ऑइलची रेघ असते. ती विचारते, "सोडू?" मी म्हणतो, थांब, अजून एकदा बघतो.